एका दिवसात गुण देणारं औषध आणि जगणं नकोसं झालेली मुलं

नैराश्यावरची नेहमीची गोळी आज सुरू केली तर तिचा पुरता गुण दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. बऱ्याच आजारांत एवढा धीर धरता येतो. पण सोळा वर्षांची मुलगी ‘मला आता जगायचंच नाही’ असं म्हणत असेल, तर तिच्या आईवडिलांनी हे सहा आठवडे काढायचे कसे? त्यांच्यापुढे प्रश्न असतो तो आजच्या रात्रीचा. या प्रश्नाला वैद्यकाकडे आजवर मुख्यतः एकच उत्तर होतं: मुलीला एकटं सोडू नका, गरज पडली तर रुग्णालयात दाखल करा, घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा, आणि गोळी लागू पडायची वाट पाहा.

ही वाट पाहण्याची मुदत आठवड्यांवरून तासांवर आणता येईल का, यावर गेली पंचवीसेक वर्षं संशोधन सुरू आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत काही उत्तरं हाती आली आहेत. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत काम आत्ता कुठे सुरू झालं आहे. ही औषधं कोणती, मुलांवर त्यांची चाचणी करणं इतकं अवघड का, आणि ‘आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध’ अशी बातमी वाचली तर तिचा अर्थ कसा लावायचा, हे या लेखात पाहू.

त्याआधी एक गोष्ट. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कोणी आत्ता अशा विचारांत अडकलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि कोणाला तरी लगेच सांगा: जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, आत्महत्या प्रतिबंधाची हेल्पलाइन, ओळखीचे डॉक्टर, विश्वासातलं एखादं माणूस. आणि पालकांनी मुलाला थेट विचारायला घाबरू नये. विचारल्यामुळे हा विचार मुलाच्या डोक्यात नव्याने शिरतो, ही समजूत चुकीची आहे. ‘तुला मरून जावंसं वाटतं का?’ असं शांतपणे, न रागावता विचारता येतं. कोणीतरी विचारलं याचंच पुष्कळ मुलांना हायसं वाटतं.

गोळी लागू पडेपर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी ७ लाख २० हजारांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात. १५ ते २९ वर्षांच्या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्येचा क्रमांक तिसरा लागतो. म्हणजे इतर आजार ज्या वयात फारसे फिरकत नाहीत, त्याच वयात हा धोका पहिल्या तीनांत येऊन बसतो.

किशोरवयीन मुलांसाठी नैराश्यावरची औषधं फार थोडी आहेत. त्यातली मुख्य दोन, फ्लुओक्सेटीन आणि एसिटालोप्राम. शिवाय त्यांच्याभोवती एक भीती आहे, ती कुठून आली हे समजून घ्यायला हवं. २००४ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मुलांवर झालेल्या २४ चाचण्यांची माहिती एकत्र केली. सुमारे ४,४०० मुलं होती. नैराश्यावरची औषधं घेणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४ टक्क्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं नव्याने दिसलं, डमी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्के होतं. एकाही चाचणीत एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. तरीही औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत इशारा छापणं बंधनकारक झालं आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला गेला.

हा इशारा खोटा नाही, पण तो अर्धवट वाचला जातो. त्याचा अर्थ ‘मुलांना ही औषधं देऊ नका’ असा नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाकडे बारीक लक्ष ठेवा, त्याला वारंवार भेटा, असा आहे. उपचाराविना राहिलेलं गंभीर नैराश्य हाही धोकाच आहे, फक्त तो कुठल्या डबीवर छापलेला नसतो. पण या सगळ्यातून एक अडचण स्पष्ट होते: ज्या आठवड्यांत औषधाचा पुरता गुण यायचा असतो, नेमके तेच आठवडे सर्वांत नाजूक असतात. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे, पहिले दोन-तीन महिने तर अधिकच. मूल घरी आलं की घरच्यांना वाटतं, चला, संपलं एकदाचं. धोक्याच्या दृष्टीने तो काळ उलट सगळ्यात जपायचा असतो.

भुलेचं औषध मानसोपचारात कसं आलं

झटपट परिणामाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं केटामीनचं. हे मूळचं भूल देण्याचं औषध. १९६२ मध्ये कॅल्व्हिन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या पार्क-डेव्हिस कंपनीसाठी ते तयार केलं आणि १९७० मध्ये त्याला तिथे मान्यता मिळाली. भूल देताना ते श्वास फारसा दाबत नाही, म्हणून युद्धभूमीवर, अपघातात, साधनं तुटपुंजी असलेल्या रुग्णालयांत ते आजही वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे.

२००० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी अगदी थोड्या रुग्णांवरचा, सात जणांवरचा, एक अभ्यास छापला. नैराश्याच्या रुग्णांना भुलेच्या मात्रेहून बऱ्याच कमी मात्रेत, वजनाच्या दर किलोला अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने, ४० मिनिटांत शिरेतून केटामीन दिलं. तीन दिवसांच्या आत त्यांचं नैराश्य उतरलेलं दिसलं. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराटे यांच्या गटाने १८ रुग्णांवर हाच प्रयोग केला. इतर औषधांनी बरे न झालेले हे रुग्ण. एका दिवसात ७१ टक्के रुग्णांना स्पष्ट फरक पडला. आठवड्याने तो फरक टिकलेले होते ३५ टक्के.

हे शेवटचे दोन आकडे मी मुद्दाम शेजारी ठेवले आहेत. या औषधाचं सगळं बळ आणि सगळी मर्यादा त्यांत आहे. पुढच्या वीस वर्षांतल्या मोठ्या अभ्यासांनी हेच चित्र अधिक नीट रेखलं.

ते काम कसं करतं? नेहमीच्या गोळ्या मुख्यतः सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. केटामीन ग्लुटामेट या दुसऱ्याच रसायनाच्या वाटेने जातं. मेंदूच्या पेशींवर ग्लुटामेटचे संदेश झेलणाऱ्या काही जागा असतात, त्यांतल्या एनएमडीए नावाच्या जागा ते काही काळ अडवतं. त्यातून पुढे घडामोडींची एक साखळी सुरू होते, आणि पेशी-पेशींमधले जोड, ज्यांना सिनॅप्स म्हणतात, ते नव्याने वाढू लागतात. निदान उंदरांत हे दिसलं आहे, आणि दीर्घ ताणाने असे जोड कमी होतात हेही दिसलं आहे. सगळा परिणाम एवढ्यावरच उभा आहे की शरीरातल्या अफूसदृश रसायनांचाही त्यात हात आहे, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

विचार थांबणं आणि जीव वाचणं

इथून पुढचा भाग जरा सावकाश वाचावा, कारण बातम्यांमध्ये सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार असलेल्या ८० प्रौढांवर चाचणी केली. निम्म्यांना केटामीन, निम्म्यांना मिडाझोलाम हे गुंगीचं औषध. दुसऱ्या दिवशी विचारांची तीव्रता निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरलेले रुग्ण केटामीनच्या गटात ५५ टक्के होते, दुसऱ्या गटात ३० टक्के. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या सात रुग्णालयांनी १५६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, तिसऱ्या दिवशी आत्महत्येचे विचार पूर्ण थांबलेले रुग्ण केटामीन गटात ६३ टक्के निघाले. सलाईनच्या साध्या पाण्यावर हे प्रमाण ३१.६ टक्के होतं.

फ्रान्सच्या याच चाचणीत आणखी दोन गोष्टी होत्या. एक, सर्वांत मोठा फायदा बायपोलर आजाराच्या, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाणाऱ्या रुग्णांना झाला, तर निव्वळ नैराश्याच्या रुग्णांत दोन गटांतला फरक ठामपणे बोलता येईल इतका नव्हता. दोन, सहा आठवड्यांनी दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले. याचा अर्थ औषध फसलं असा मी घेत नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या निम्म्याहून जास्त रुग्णांचे विचार थांबले होते. ज्यांचे तिसऱ्या दिवशी थांबले, त्यांचे मधले पाच-साडेपाच आठवडे सुसह्य गेले. ज्या माणसाने असा एक आठवडा काढला आहे त्याला या फरकाचं मोल सांगावं लागत नाही.

पण यातल्या कुठल्याही चाचणीने आत्महत्या कमी झाल्याचं सिद्ध केलेलं नाही. सिद्ध झालंय ते प्रश्नावलीने मोजलेली विचारांची तीव्रता उतरल्याचं. ताप उतरवणारी गोळी ताप उतरवते, तापाचं कारण घालवतेच असं नाही, तसंच काहीसं हे आहे.

एस्केटामीनच्या बाबतीत तर हे अधिकृतपणे लिहिलेलंच आहे. एस्केटामीन हा केटामीनच्या रेणूचा एक भाऊ, नाकात फवारायचं औषध. एफडीएने ते २०१९ मध्ये हट्टी नैराश्यासाठी, आणि २०२० मध्ये आत्महत्येचे तीव्र विचार असलेल्या नैराश्याच्या प्रौढ रुग्णांसाठी मान्य केलं. त्यामागच्या दोन चाचण्यांत मिळून साडेचारशेच्या आसपास रुग्ण होते. चोवीस तासांत नैराश्य फवाऱ्याच्या गटात जास्त उतरलं. आत्महत्येच्या धोक्याची पातळी मात्र दोन्ही गटांत सारखीच उतरली. म्हणून त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलं आहे की आत्महत्या रोखण्यात किंवा आत्महत्येचे विचार कमी करण्यात हे औषध परिणामकारक असल्याचं दाखवलं गेलेलं नाही.

दोन्ही गटांत धोका उतरला, याकडे मात्र दुर्लक्ष होतं. त्या चाचण्यांतला प्रत्येक रुग्ण रुग्णालयात दाखल होता, प्रत्येकाला नेहमीची औषधं सुरू केली होती, आणि पुढचे काही आठवडे प्रत्येकाला कोणीतरी वारंवार भेटून ‘आज कसं वाटतंय?’ असं विचारत होतं. फवारा खरा असो की डमी, एवढी काळजी घेतली तर माणसं सावरतात. मला हा त्या चाचण्यांचा तितकाच मोलाचा निष्कर्ष वाटतो.

मुलांवर वेगळी चाचणी कशाला?

मोठ्यांवर चालतं ते मुलांना थोड्या कमी मात्रेत द्यावं, हा विचार साहजिक आहे आणि धोक्याचाही. मेंदूचा पुढचा भाग, ज्यावर स्वतःला आवरणं आणि पुढचा विचार करणं अवलंबून असतं, तो विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो. किशोरवयात मेंदू नको असलेले जोड छाटत असतो आणि हवे असलेले पक्के करत असतो. जोड वाढवणारं औषध नेमकं याच काळात, पुन्हा पुन्हा दिलं तर दीर्घकाळात काय होतं, हे प्रौढांच्या अभ्यासातून कळूच शकत नाही. शिवाय डमी औषधाने बरं वाटण्याचं प्रमाण मुलांत मोठ्यांपेक्षा जास्त असतं. त्यामुळे डमीशी तुलना न करता केलेला अभ्यास मुलांच्या बाबतीत फार लवकर दिशाभूल करतो.

आतापर्यंत हाती काय आहे ते पाहा. २०१८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने, इतर औषधांनी बरं न वाटलेल्या १३ किशोरांना दोन आठवड्यांत सहा वेळा केटामीन दिलं. पाच जणांना स्पष्ट फरक पडला. तुलनेचा गट नव्हता. २०२१ मध्ये येलमध्ये १३ ते १७ वयाच्या १७ मुलांना एकदा केटामीन आणि दोन आठवड्यांच्या अंतराने एकदा मिडाझोलाम देऊन पाहिलं, कोणाला आधी काय हे नशिबावर. पहिल्या तीन दिवसांत केटामीनने ७६ टक्क्यांना, मिडाझोलामने ३५ टक्क्यांना गुण आला. २०२४ मध्ये चीनमधल्या एका चाचणीत, आत्महत्येचे विचार असलेल्या १३ ते १८ वयाच्या ५४ मुलामुलींना एस्केटामीन किंवा मिडाझोलाम शिरेतून तीन वेळा दिलं. सहाव्या दिवशी विचार आणि त्यांची तीव्रता एस्केटामीनच्या गटात जास्त उतरलेली होती.

तिन्ही अभ्यास मिळून ८४ मुलं. दिशा आशेची आहे, पण एवढ्या पुराव्यावर देशोदेशीच्या मुलांना हे औषध द्यावं असं कोणीही जबाबदार डॉक्टर म्हणणार नाही. आणि एवढ्या पुराव्यानंतर चाचण्या करूच नयेत असंही म्हणता येणार नाही. चाचणी झाली नाही म्हणून औषध वापरायचं थांबत नाही. ते परवानगीच्या चौकटीबाहेर, डॉक्टरच्या अंदाजाने वापरलं जातं. मग एखाद्या मुलाला त्रास झाला तरी त्याची कुठे नोंद राहत नाही आणि पुढच्या मुलाला त्याचा उपयोग होत नाही.

चाचणीच्या दिवशी काय होतं

मूल आपत्कालीन विभागातून किंवा मानसोपचार विभागातून येतं. आधी सविस्तर मुलाखत. जगभर त्यासाठी कोलंबिया विद्यापीठात तयार झालेली एक प्रश्नावली वापरतात. तिच्यात विचारांच्या पाच पायऱ्या आहेत. ‘झोपावं आणि उठूच नये असं वाटतं’ ही पहिली. जीव संपवण्याचा नुसता विचार ही दुसरी. तो कसा करावा हे मनात येतं पण करायचं नाही, ही तिसरी. करायचा इरादा आहे, ही चौथी. इरादाही आहे आणि बेतही ठरला आहे, ही पाचवी. प्रत्यक्ष कृतीची नोंद वेगळी होते. पहिल्या आणि पाचव्या पायरीवरच्या दोन मुलांना ‘आत्महत्येचे विचार आहेत’ असं एकच वाक्य लागू पडतं, पण त्यांची रात्र सारखी नसते. म्हणून बातमीत ‘विचार कमी झाले’ असं आलं की कुठल्या पायरीवरून कुठल्या पायरीवर, हे पाहावं.

मग औषध. ५० किलो वजनाच्या मुलाला नेहमीच्या हिशेबाने २५ मिलिग्रॅम केटामीन सलाईनमधून ४० मिनिटांत जातं. शेजारी परिचारिका, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. मध्यापर्यंत आलं की मुलाला बऱ्याचदा विचित्र वाटू लागतं: हात आपले नाहीत, आवाज लांबून येतायत, वेळ थांबलाय. याला डॉक्टर डिसोसिएशन म्हणतात. रक्तदाब थोडा चढतो, काहींना मळमळतं. सलाईन थांबल्यावर तास-दोन तासांत हे बहुतेक ओसरतं. नाकातल्या फवाऱ्यानंतरही निदान दोन तास देखरेखीखाली बसावंच लागतं. या अनुभवाची आधी नीट कल्पना दिली नसेल तर एखादं मूल घाबरून जाऊ शकतं. चांगल्या चाचणीत हे बोलणं आदल्या दिवशीच झालेलं असतं.

अडचणही इथेच येते. कोणाला खरं औषध मिळालं आणि कोणाला डमी, हे ना मुलाला माहीत असायला हवं ना तपासणाऱ्याला. पण ज्याला आपले हात परके वाटले, त्याला सांगायची गरज उरते का? म्हणून साध्या पाण्याऐवजी मिडाझोलाम देतात, निदान गुंगी तरी येते. तेही पुरेसं पडत नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी एक वेगळाच मार्ग काढला. नैराश्य असलेल्या आणि इतर कारणाने शस्त्रक्रिया होणाऱ्या ४० रुग्णांना त्यांनी पूर्ण भुलेखाली असताना केटामीन किंवा साधं पाणी दिलं, म्हणजे कोणाला काहीच जाणवू नये. दोन्ही गट सारखेच सुधारले. भुलेच्या औषधांनीच फरक पडला की ‘आपल्याला नवं औषध मिळतंय’ या आशेने, हे त्यातून ठरवता येत नाही. पण आशेचा वाटा किती मोठा असू शकतो, हा प्रश्न त्याने सगळ्यांपुढे ठेवला.

मोठ्या चाचण्या लागतात त्या का

समजा, आपल्याला विचार मोजायचे नाहीत, प्रत्यक्ष प्रयत्न मोजायचे आहेत. आणि समजा, रुग्णालयातून घरी गेलेल्या शंभर मुलांपैकी दहा जण पुढच्या तीन महिन्यांत प्रयत्न करतात. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.) नव्या औषधाने हे दहाचे सात झाले, तर ती फार मोठी गोष्ट आहे. पण ती योगायोगाने झाली नाही हे नेहमीच्या कसोटीवर दाखवायला दोन्ही गटांत मिळून सुमारे २,७०० मुलं लागतील. मृत्यू तर याहून कितीतरी विरळ, त्यासाठी दहा-वीस हजारही कमी पडतील. आतापर्यंतची ८४ मुलं आणि ही संख्या शेजारी ठेवली म्हणजे अंतर लक्षात येतं. एका रुग्णालयाला हे जमणारं नाही. अनेक रुग्णालयांनी, एकाच पद्धतीने, बरीच वर्षं करायचं हे काम आहे.

सगळ्यात जास्त धोका असलेली मुलंच निवडून संख्या कमी करता येईल, असं वाटू शकतं. पण कोण प्रयत्न करेल हे आधी ओळखणं आपल्याला जमत नाही. पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत, असे अंदाज नाणं उडवण्यापेक्षा जेमतेमच सरस निघाले.

तरी प्रत्यक्ष वागणं मोजणारी चाचणी अशक्य नाही. क्लोझापीन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाची अशी चाचणी ९८० रुग्णांवर दोन वर्षं झाली, आणि त्या आजाराच्या रुग्णांत आत्महत्येचं वर्तन कमी करण्यासाठी एफडीएने २००२ मध्ये त्याला मान्यता दिली.

नीतीचा प्रश्न याहून अवघड. अनेक वर्षं नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्यांतून आत्महत्येचे विचार असलेले रुग्ण वगळले जात. कारण समजण्यासारखं होतं, चाचणीत कोणी दगावलं तर? पण त्यामुळे ज्यांना औषधाची सर्वाधिक गरज, त्यांच्याबद्दलच सर्वांत कमी माहिती, अशी स्थिती झाली. आज अशी चाचणी करताना काही गोष्टी ठरलेल्या असतात. डमी मिळालेल्या मुलालाही नेहमीचे सगळे उपचार मिळतात. फरक फक्त जास्तीच्या औषधाचा. पालकांची लेखी संमती लागते, आणि तेवढ्याने भागत नाही, मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. चाचणीशी संबंध नसलेली तज्ज्ञांची समिती मधूनमधून निकाल तपासते आणि एका गटाला इजा होताना दिसली तर चाचणी थांबवू शकते.

एक बारीक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मूल संध्याकाळी फोनवरच्या प्रश्नावलीत ‘बेत ठरला आहे’ यावर खूण करतं. हे उत्तर नुसतं साठवून ठेवणं आणि महिन्याने मोजणं हा गुन्हाच ठरेल. ते त्याच वेळी कोण वाचणार, कोण फोन करणार, घरच्यांना कधी कळवणार, हे चाचणी सुरू होण्याआधी कागदावर असावं लागतं. आणि ‘तू सांगशील ते गुपित राहील, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर आम्ही घरी सांगू’, हेही मुलाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागतं.

मिळालेल्या दिवसांचं करायचं काय

विचार चोवीस तासांत उतरले आणि आठवड्याभराने परतायची शक्यता आहे, तर मधल्या दिवसांत काय होतं यावर सगळं अवलंबून आहे. मूल ऐकू शकतं, बोलू शकतं, झोपू शकतं, असे हे दिवस असतात. त्यात करण्यासारख्या गोष्टींचा पुरावा आहे. सुरक्षा आराखडा नावाची एक साधी पद्धत आहे: मन बिघडायला लागल्याची खूण कोणती, तेव्हा स्वतः काय करायचं, कोणाकडे जायचं, कोणाला फोन करायचा, घर सुरक्षित कसं ठेवायचं, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत, डॉक्टर किंवा समुपदेशकासोबत बसून लिहायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १,६४० प्रौढांवरच्या अभ्यासात, हा आराखडा आणि नंतरचे पाठपुराव्याचे फोन मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचं वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. किशोरांसाठी डीबीटी ही मानसोपचाराची पद्धत आहे. तीव्र भावना उसळली असताना स्वतःला इजा न करता ती सोसायची कशी, हे ती शिकवते. १७३ किशोरांवरच्या चाचणीत सहा महिन्यांनी तिचा फायदा स्पष्ट होता, वर्षाने दोन गटांतलं अंतर कमी झालं.

हे दोन्ही उपचार मंद आहेत. नुकतंच मरायला निघालेलं मूल पहिल्या दिवशी नवं काही शिकायच्या मनःस्थितीत नसतं. म्हणून मला वाटतं, ‘औषध की समुपदेशन’ ही तुलना बाजूला ठेवून चाचण्यांनी वेगळा प्रश्न विचारावा: झटपट औषध मिळालेल्या मुलाला त्याच आठवड्यात आराखडा आणि मानसोपचार मिळाले, तर तीन महिन्यांनी ते कसं असतं? एका दिवसानंतरच्या गुणांवर थांबणाऱ्या चाचणीतून हे कधीच कळणार नाही.

धोक्यांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. केटामीनचं व्यसन लागतं. ते वारंवार आणि जास्त प्रमाणात घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला गंभीर इजा होते, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. औषध म्हणून, मोजक्या वेळा, देखरेखीखाली दिल्याने तसं होईलच असं नाही. पण मुलांना महिनोन् महिने देण्याबद्दलचा पुरावाच नाही. घरी बसून, कोणाच्या देखरेखीशिवाय केटामीन घेण्यातल्या धोक्यांचा इशारा एफडीएने २०२३ मध्ये दिला आहे. मुलासाठी ‘ऑनलाइन तपासणी आणि घरपोच औषध’ असं कोणी सुचवलं तर नको म्हणा.

तुमच्या मुलासाठी डॉक्टरांनी अशा चाचणीचा विषय काढला, तर काही प्रश्न जरूर विचारा. तुलनेच्या गटात गेलं तर आमच्या मुलाला नेमके कोणते उपचार मिळतील? किती वेळा औषध देणार, आणि चाचणी संपल्यावर गुण आलेल्या मुलाला ते मिळत राहणार का? रात्री अकराला विचार परतले तर फोन कोण उचलणार? पहिल्या तीन महिन्यांत मुलाला कोण, किती वेळा भेटणार? यांची उत्तरं चाचणीच्या आराखड्यात आधीच लिहिलेली असतात. डॉक्टरांना ती सांगता आली पाहिजेत. मधेच बाहेर पडायची मुभा मुलाला आणि तुम्हाला कधीही असते, कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे मुलाचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सही करायच्या कागदावर ही ओळ आहे का, ते पाहा.